घरी केलेली शिंदेशाही पगडी: ग्वाल्हेरच्या सात महिन्यांच्या नोंदी

4 मे 2025

दौलतगंजातल्या माहेरच्या घराची आवराआवर करताना आजोबांची शिंदेशाही, म्हणजे ग्वाल्हेरच्या शिंदे राजांच्या थाटाची, पगडी सापडली. पत्र्याची पेटी, आत डांबराच्या गोळ्यांचा वास आणि त्यावर जुन्या धोतराचा तुकडा टाकून ठेवलेली पगडी. भाच्याचे लग्न नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे आणि त्याला सीमांतपूजनाला हीच पगडी घालायची होती. परंतु हातात घेतल्यावर लक्षात आले की आता ती डोक्यावर चढवण्याच्या स्थितीत राहिलेली नाही. बाहेरचे पिळाचे वेढे बऱ्यापैकी शाबूत आहेत, पण आतला सांगाडा कसरीने इतका पोखरला आहे की बोटाने दाबल्यावर कडेचा भाग खचतो आणि पिठासारखा भुगा हातात येतो.

भावाचे म्हणणे असे की बाजारातून तयार फेटा आणावा आणि विषय संपवावा. मला ते पटले नाही. मी गेली तीस वर्षे शिवणकाम करते, गेली सहा-सात वर्षे हौसेने उन्हाच्या टोप्याही करते. तेव्हा जुनी पगडी जशी आहे तशी ठेवायची आणि तिच्या मापाची, तिच्याच घाटाची नवी घरी करायची, असे ठरवून आजपासून ही वही सुरू केली.

11 मे

आज पगडीचे अस्तर एका बाजूने दोन बोटे उसवून आत पाहिले. उसवण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे काढली आणि वजन केले. ते 310 ग्रॅम भरले.

अस्तर लाल खादीसारख्या जाड सुती कापडाचे आहे. त्याच्या खाली जुन्या मऊ कापडाचे थर, मध्ये कागदाचे थर, पुन्हा कापड, आणि हे सगळे एकमेकांना खळीने चिकटवलेले. कागद वहीचा आहे. त्यावर मोडी अक्षरे दिसतात, हिशेबाची असावीत. कसरीने नेमके कागद आणि खळच खाल्ली आहे, कापड जवळजवळ तसेच सोडले आहे. यात आश्चर्य काही नाही, कारण खळ म्हणजे शिजवलेले पीठ आणि कसरीला पिष्टमय पदार्थ अतिशय प्रिय. पुस्तकबांधणी करणारे खळीत मोरचूद घालतात ते याचसाठी. पण मोरचूद विषारी, आणि जी वस्तू घामेजलेल्या कपाळाला टेकणार तिच्यात ते घालणे मला योग्य वाटत नाही.

बाहेरचे वेढे मोजले: 14. प्रत्येक वेढा करंगळीएवढा जाड, पीळ सगळीकडे एकाच दिशेने, आणि समोरच्या टोकाशी वेढे एकमेकांवर चढत निमुळते होत जातात. हे टोक नुसत्या पिळाने उभे राहिलेले नाही. त्याच्या आत सांगाड्याचीच एक चोच पुढे काढलेली आहे. पगडीचा घाट सांगाड्यात असतो आणि कापड फक्त त्याच्या मागोमाग जाते, हे पुण्याच्या पगडीबद्दल ऐकले होते. आपल्याकडच्या पगडीतही तेच आहे हे आज हाताला कळले.

18 मे

भाचा पुण्याला असतो, म्हणून त्याला फोनवर माप घ्यायला शिकवले. फीत कानांच्या किंचित वरून, कपाळाच्या मध्यावरून आणि मागे डोक्याचा जो भाग सर्वांत जास्त बाहेर येतो तेथून घ्यायची, आणि तीनदा घ्यायची. पहिल्यांदा त्याने 55 सांगितले, कारण फीत करकचून आवळली होती. मग 57, पुन्हा 57. अमेरिकी टोप्यांवरचा नंबर म्हणजे घेराचे इंच भागिले पाय (π, सुमारे 3.14), म्हणून 22 इंचांच्या डोक्याला 7 नंबर. त्या हिशेबाने भाच्याचे डोके सात आणि एक अष्टमांशाच्या आसपास येते. नंबर सोपा असला तरी फसवा आहे. तो डोके वाटोळे आहे असे धरून चालतो, आणि डोके कधीच वाटोळे नसते. म्हणून त्याला दाराच्या चौकटीला डोके लावून लांबी-रुंदीही मोजायला लावली. लांबी 20 सेंटिमीटर, रुंदी 16. या मापांचा लंबगोल काढला तर त्याचा घेर जवळजवळ 57 भरतो, म्हणजे माप जुळले.

आता ठोकळा, म्हणजे ज्यावर सांगाडा घडवायचा ते डोक्याच्या मापाचे डोके. सुताराने एका लाकडी ठोकळ्याचे जे सांगितले त्यात चांगले दोन फेटे आले असते. त्याऐवजी शाडूचे डोके केले, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घेतला, साच्यात कागदाचा लगदा ठासून भरला. अस्तर आणि आतली पट्टी यांच्यासाठी घेर दीड सेंटिमीटरने वाढवून 58.5 ठेवला. उन्हात ठेवल्यावर लगदा चार दिवसांत खडखडीत वाळला. मे महिन्यात ग्वाल्हेरात ऊन मी म्हणत असते, त्याचा हा एवढा एकच फायदा.

1 जून

पहिला प्रयोग जुन्या पद्धतीनेच केला. मैद्याची खळ शिजवली, तीत कसरीसाठी थोडी तुरटी घातली, वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि जुन्या मलमलीच्या पट्ट्या आलटूनपालटून ठोकळ्यावर लावल्या. ठोकळ्याला आधी प्लास्टिकची पातळ पिशवी ताणून बसवली होती, नाही तर सांगाडा आणि ठोकळा एकजीव झाले असते. एकूण सहा थर.

दुपारच्या झळांत सांगाडा तीन तासांत वाळला आणि त्यातच बिघडला. बाहेरचे थर आधी वाळून आकसले, आतले ओलेच राहिले, आणि डाव्या कानावरच्या जागी कापड कागदापासून सुटून फुगा आला. खळीचे काम सावलीत, हळूहळू आणि एका वेळी दोनच थर असे करायला हवे होते. घाई माझी होती, दोष खळीचा नाही. तरीही ही पद्धत सोडली. एक तर कागदात तुरटीचे आम्ल कालांतराने कागदालाच ठिसूळ करते, आणि दुसरे म्हणजे पुढच्या पिढीच्या कसरीसाठी मी अन्न शिजवून ठेवू इच्छित नाही.

22 जून

सांगाड्यासाठी आता बकरम, म्हणजे कडक केलेले कापड, घ्यायचे ठरवले आणि तिच्या शोधात टोपी बाजारात व तेथून महाराज बाडा या चौकाभोवतीच्या गल्ल्यांत फिरले. दुकानदार चार प्रकारची बकरम दाखवतात आणि चारही "एकच आहे" म्हणून सांगतात. तसे मुळीच नाही. कॉलरची बकरम घट्ट विणीची असून तिच्या एका बाजूला इस्त्रीने चिकटणारा गोंद असतो. पडद्याची बकरम बहुधा कृत्रिम धाग्याची असते आणि पाण्याने तिच्यावर काहीही परिणाम होत नाही. टोपीला लागते ती जाळीसारख्या विरळ विणीची, खळीने किंवा सरसाने भरपूर कडक केलेली सुती बकरम. ती भिजवली की लोळागोळा होते आणि वाळली की भिजताना दिलेला आकार धरून बसते.

म्हणून पर्समध्ये थर्मासचे झाकण आणि गरम पाणी घेऊन गेले होते. प्रत्येक प्रकारचा बोटभर तुकडा पाण्यात मिनिटभर बुडवायचा. जो चिकट आणि ढिला होतो तो आपला. जो ताठच राहतो तो परत. दुकानदार आधी हसला, मग म्हणाला, "बहनजी, आज तक किसी ने बकरम को चाय नहीं पिलाई।" पण त्याच्याकडचाच तिसरा प्रकार या परीक्षेत उतरला. दोन मीटर घेतली.

त्याच दुकानात सोला म्हणून थर्माकोल दाखवले गेले. खरा सोला हा पाणथळ जागी वाढणाऱ्या एका झुडपाचा भेंडासारखा हलका गाभा असतो, त्याचेच पातळ पापुद्रे साच्यावर चिकटवून साहेबी सोला हॅट होत असे. हलकेपणात त्याला तोड नाही. पण आपल्या हाताला लागेल तेच साहित्य वापरायचे असे ठरवले असल्यामुळे तो विचार तेथेच सोडला.

6 जुलै

बकरम ठोकळ्यावर चढवली. कापड उरेप धरले, म्हणजे उभा धागा कपाळाच्या मध्यावर न येता तिरपा आला. हे फार महत्त्वाचे. सरळ धाग्यावर धरलेली बकरम डोक्याच्या गोलाईवर जाताना चार ठिकाणी चुण्या पाडते. उरेप धरली की चारही कोपऱ्यांतून खाली ओढता येते आणि चुण्या विरघळल्यासारख्या नाहीशा होतात. कुकरची शिट्टी काढून त्या वाफेवर बकरम पुन्हापुन्हा नरम केली (सासूबाईंनी हे पाहून डाळ शिजली का म्हणून विचारले), ठोकळ्याच्या पायथ्याशी नाडीने बांधली आणि अंगठ्यांनी खाली ओढत गेले. दुसरा थर पहिल्याच्या विरुद्ध तिरका घेतला. समोरची चोच वेगळ्या त्रिकोणी तुकड्याची करून दोन थरांच्या मध्ये सरकवली.

कडेला तार हवी. टोपीची खास तार सुताने गुंडाळलेली, स्प्रिंगसारखी पोलादी असते. वाकवली तरी मूळ जागी परत येते. ती येथे मिळाली नाही. बांधकामाची काळी तार घेतली, तिच्यावर पांढरी सुती पट्टी गुंडाळली, मागच्या बाजूला पाच सेंटिमीटर एकावर एक घेऊन ब्लँकेट टाक्याने कडेवर बसवली आणि वरून उरेप पट्टी लावली. काम देखणे दिसत होते.

20 जुलै

काम बसले. अक्षरशः.

गेले दहा दिवस ग्वाल्हेरात पाऊस थांबायला तयार नाही. सांगाडा मागच्या खोलीत ठोकळ्यावरून काढून कपाटावर ठेवला होता. आज हातात घेतला तर कडा लोंबलेल्या, माथा मध्ये खोलगट झालेला आणि समोरची चोच खाली पाहत असलेली. बकरमला जी खळ कडक ठेवते तीच हवेतले पाणी शोषून नरम पडते; पाण्याने आकार देता येतो याचा अर्थ पाण्याने आकार जातोही, एवढी साधी गोष्ट मी विचारात घेतली नव्हती. थंड, कोरड्या देशांत बकरमच्या टोप्या वर्षानुवर्षे टिकतात. आमच्याकडे श्रावणात त्यांचे काय होते ते समोर होते. शिवाय ही वस्तू डोक्यावर राहणार, आणि घाम म्हणजे डोक्यापुरता पावसाळाच.

उरेप पट्टीवर तपकिरी डागांची माळ उमटली होती. बांधकामाची तार गंजली आणि गंज सुती पट्टीतून बाहेर आला. ती तार मुळातच चुकीची होती: ती मुद्दाम मऊ केलेली असते, गाठ मारता यावी म्हणून. एकदा दबली की दबलेलीच राहते.

27 जुलै

हातात काही न धरता आठवडाभर फक्त विचार केला.

नमदा हा एक पर्याय होता. लोकरीच्या धाग्यावर सूक्ष्म खवले असतात; उष्णता, ओलावा आणि घासणे मिळाले की ते एकमेकांत अडकतात आणि विणीशिवायच कापड तयार होते, त्यामुळे नमदा साच्यावर हवा तसा ओढता येतो. सशाच्या केसांच्या उंची नमद्यासाठी पूर्वी केसांना पाऱ्याचे संयुग लावत, त्याने केस लवकर गुंतत. टोपीवाले कारागीर त्या वाफांनी आजारी पडत, त्यांचे हात थरथरत, आणि अमेरिकेत ही पद्धत 1941 साली बंद झाली. आजच्या लोकरी नमद्यात पारा नसतो. पण नोव्हेंबरात मंडपात, दिव्यांखाली, तीन तास लोकरीची टोपी घालून भाच्याला बसवणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

मग नमदा कडक कशाने करतात याचा विचार करता करता लाखेपाशी आले. युरोपातल्या उंच रेशमी हॅटचा सांगाडा बकरमचा नसतोच. विरळ सुती कापड लाखेच्या द्रावणात बुडवून वाळवायचे, त्याचे थर ठोकळ्यावर ठेवून गरम इस्त्रीने एकमेकांत वितळवायचे, अशी त्याची कृती. आणि लाख तर आपल्याच पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांची. फर्निचरला पॉलिश करणारे ज्याला चपडा म्हणतात, तो तिचाच शुद्ध केलेला पापुद्रा. लाख पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. पाण्याने नव्हे, उष्णतेने नरम होते. म्हणजे ज्या गोष्टीने बकरम हरली तिच्याशी लाखेचे देणेघेणेच नाही. परदेशी साहेबाच्या हॅटचा सांगाडा शिंदेशाही पगडीच्या आत बसवायचा, ही कल्पना लिहिताना थोडी विचित्र वाटते. चालेल.

10 ऑगस्ट

(पुढच्या तीन आठवड्यांच्या नोंदीही याच पानावर लिहीत गेले.) चपडा 100 ग्रॅम, स्पिरिट 450 मिलिलिटर. चपडा खलात भरड कुटून काचेच्या बरणीत स्पिरिटसह ठेवला आणि दिवसातून चार वेळा हलवला. दुसऱ्या दिवशी सकाळी द्रावण मधासारखे झाले, ते मलमलीतून गाळले. हे सगळे गच्चीवर केले. स्पिरिटच्या वाफा पेट घेतात, म्हणून त्या दोन दिवसांत देवघरातले निरांजनही बरणीपासून दोन खोल्या दूर होते.

जुन्या मलमलीचे चौकोनी तुकडे उरेप कापून द्रावणात बुडवले, निथळले आणि दोरीवर वाळत घातले. दुसऱ्या दिवशी ते पापडासारखे ताठ झाले होते; हवेत ढगाळ ओल असूनही. मग ठोकळ्यावर बेकिंगचा न चिकटणारा कागद बसवला, पहिला तुकडा ठेवला आणि सुती कपडा मध्ये घेऊन मध्यम गरम इस्त्री फिरवली. लाख वितळते तो क्षण डोळ्यांनी दिसतो: मलमल धुरकट पांढरी असते, ती एकाएकी काचेसारखी चमकते आणि कापड ठोकळ्याच्या गोलाईवर आपणहून निजते. त्या पाच-सहा सेकंदांत बोटांनी चुणी दाबून टाकायची, नंतर ती कायमची. बोटांची टोके भाजली, पण सोसवेल इतपत. दुसरा थर विरुद्ध तिरका, तिसरा पुन्हा पहिल्यासारखा. चोचीसाठी पाच थर.

तारेऐवजी वेत घेतला. बुरूडकाम करणाऱ्याकडून तीन मिलिमीटरची वेताची कामटी आणली, रात्रभर पाण्यात ठेवली, सकाळी ठोकळ्याभोवती बांधून दोन दिवस वाळवली. वेत पूर्ण वाळल्यावर त्यावर लाखेचा हात दिला आणि मग कडेवर शिवला. गंजण्याचा प्रश्न मिटला, आणि दाबून सोडला तर कडा टपकन परत येते.

सांगाड्याचे वजन 62 ग्रॅम. पुढचे पंधरा दिवस तो मुद्दाम न्हाणीघराच्या दाराशी ठेवला. आकार हलला नाही. उष्णतेची परीक्षा मात्र तो नापास होईल हे माहीत आहे. उन्हात बंद उभ्या गाडीत ही पगडी कधीही ठेवायची नाही, अशी चिठ्ठी आत शिवणार आहे.

7 सप्टेंबर

गणपतीत काम बंद होते. काल विसर्जन झाले, आज पिळाचे प्रयोग केले. उद्यापासून पितृपक्ष लागत असल्यामुळे लग्नाचे कापड आता घेऊ नये असे सासूबाईंचे म्हणणे आहे, म्हणून घरातल्या जुन्या, फाटक्या चंदेरी साडीचा पदर घेतला.

चंदेरी कडक का असते हे ठाऊक असेल तर पिळाचे गणित सोपे होते. रेशमाच्या धाग्यावर नैसर्गिक डिंकासारखे एक आवरण असते, कच्च्या रेशमाच्या वजनाचा पाचवा ते चौथा भाग. इतर बहुतेक रेशमी कापडांत ते साबणाच्या पाण्यात उकळून काढून टाकतात, म्हणून ती मऊ आणि लोळणारी होतात. चंदेरीच्या विणकरांनी ते काढले नाही. त्यातूनच तिचा पारदर्शकपणा आणि कुरकुरीत स्पर्श आला. हे आवरण ओलाव्याने नरम होते आणि वाळताना धाग्यांना एकमेकांशी बांधून टाकते. म्हणजे ओलसर असताना पीळ द्यायचा आणि ताणलेल्या अवस्थेत वाळू द्यायचा. वेगळी खळ लागतच नाही. जुन्या कारागिरांनी ग्वाल्हेरच्या पगडीला हे कापड घेतले ते केवळ राजेशाही दिसते म्हणून नसावे, असे मला वाटते.

बारा सेंटिमीटर रुंद पट्टी, मीटरभर लांब. एक टोक खिडकीच्या गजाला बांधले, दुसरे हातबरम्याच्या तोंडात धरले आणि बरमा फिरवला. पहिला पीळ सुंदर आला आणि बरमा सोडताच सापासारखा वेटोळे घालून बसला. सासूबाई पलंगावरून पाहत होत्या. म्हणाल्या, "अगं, वात वळतेस की दोर? वात एकदा वळली की झाली. दोराला उलटा पीळ लागतो." अगदी खरे. पट्टी मधोमध दुमडली, दोन्ही पदरांना उजवीकडे पीळ दिला आणि मग ते दोन्ही एकमेकांभोवती डावीकडे वळले. दोन पीळ एकमेकांना धरून राहतात, सोडले तरी उलगडत नाहीत. पण असा दोर पगडीच्या वेढ्यासारखा दिसत नाही. त्यात दोराची वेणी दिसते, आजोबांच्या पगडीत एकच सलग पीळ दिसतो.

शेवटी मध्यम मार्ग काढला. आत सैल कातलेल्या सुताची लड घ्यायची, तिच्याभोवती चंदेरीची ओलसर पट्टी गुंडाळून एकेरी पीळ द्यायचा, आणि दोन्ही टोके बांधून रात्रभर ताणून वाळवायचे. सकाळी पीळ जागचा हलला नाही. सूत आत असल्याने कापडही कमी लागते. मीटरभर पट्टीचा पीळ 82 सेंटिमीटर भरला. वेढ्यांचा सरासरी घेर 78 धरला तर 14 वेढ्यांना सुमारे 11 मीटर पीळ, म्हणजे साडेतेरा मीटर पट्टी.

24 सप्टेंबर

घटस्थापना झाली, कापड आणले: चंदेरी, ताणा रेशमी आणि बाणा सुती, कुंकवाचा गडद लाल रंग, अडीच मीटर. दोन मीटर पिळासाठी, अर्धा मीटर माथ्यासाठी. 112 सेंटिमीटर पन्ह्यातून बारा-बारा सेंटिमीटरच्या नऊ पट्ट्या निघतात, लागणार सात.

दुकानदाराने रंग पक्का असल्याची शपथ घेतली. घरी येऊन ओल्या पांढऱ्या रुमालाखाली तुकडा दाबला आणि रुमाल गुलाबी झाला. पीळ ओलसर असताना द्यायचा आहे, त्यामुळे हा रंग भाच्याच्या कपाळावर उतरला असता. परत जाऊन बोलण्यात अर्थ नव्हता, कापड कापून झाले होते. गार पाण्यात मीठ घालून तीनदा नुसते बुडवून काढले, चोळले नाही, आणि तिसऱ्या वेळी रुमाल पांढरा राहिला. गरम पाणी आणि साबण टाळला, कारण त्याने रंगाबरोबर ते आवरणही गेले असते आणि मग कापड रुमालासारखे मऊ पडले असते. रंग एक छटा फिका झाला; आजोबांच्या पगडीच्या शेजारी ठेवला तर उलट जास्त जुळतो.

2 ऑक्टोबर

दसरा. शिवणयंत्र, कात्री आणि बरमा यांची पूजा झाली. बरम्यालाही झेंडूचे फूल वाहिले, यावर मुलगी हसली. आज शस्त्रांना हात लावायचा नसतो, पण सुईला लावला: पहिला वेढा बसवला.

5 ऑक्टोबर

पहिला वेढा उसवला. कडेशी काटकोनात टाके घातले होते, त्यामुळे प्रत्येक टाक्यापाशी पीळ दबून खळगा दिसत होता. टाका पिळाच्या रेषेतूनच तिरका जायला हवा. दोन घड्यांच्या मधल्या खाचेत सुई शिरली की दोरा दिसतही नाही आणि पीळ दबतही नाही. लाखेच्या सांगाड्यातून सुई जाताना कट्कन आवाज येतो आणि दोन सुया मोडल्या. तिसऱ्या वेळी सुईचे टोक मेणबत्तीच्या मेणात खुपसून घेतले.

जयविलास राजवाड्यात मुद्दाम एक दुपार घालवली. तेथील संग्रहालयात शिंदे राजांची चित्रे आहेत. मी दागिने किंवा झुंबरे न पाहता फक्त पगड्या पाहत होते आणि वेढे कोठे चढतात, टोक किती पुढे झुकते याची रेखाटने करीत होते. पहारेकऱ्याने दोनदा विचारले की काही हरवले आहे का.

12 ऑक्टोबर

नऊ वेढे झाले. टोकाशी अडचण आली. वेढा चोचीवरून वळताना बाहेरच्या बाजूने ताणला जातो आणि आतल्या बाजूने गोळा होतो. तेथे पीळ सैल पडून पोट सुटल्यासारखे दिसते. आजोबांच्या पगडीत त्या जागी पीळ अधिक घट्ट आहे, हे भिंगातून मोजून पाहिले: कडेला एका इंचात पाच घड्या, टोकाशी आठ. कारागिराने वळणाआधी थोडा जास्तीचा पीळ दिला आणि वळण संपल्यावर तो सोडला. हे हाताने, सुई लावण्यापूर्वी, वेढा चिमटीत धरून करावे लागते. मला एका वेढ्याला पाऊण तास लागला. ज्याने आजोबांची पगडी बांधली त्याला कदाचित दोन मिनिटे लागली असतील.

19 ऑक्टोबर

चौदाही वेढे पूर्ण. पट्ट्यांचे सहाही जोड पुढच्या वेढ्याखाली दडले आहेत. माथ्यावर चंदेरीचा तुकडा उरेप ताणून बसवला.

25 ऑक्टोबर

भाऊबीजेला भावाबरोबर भाचाही आला, त्यामुळे पगडी प्रथमच खऱ्या डोक्यावर चढली. आत बसवण्यासाठी पट्टी निवडताना एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट कळली. बाजारातली चकचकीत नायलॉन रिबीन इस्त्रीने वळत नाही. तिच्या दोन्ही कडा घट्ट असतात. टोपीला हवी ती पट्टी कडेला सैल विणीची, वाफेच्या इस्त्रीखाली चंद्रकोरीसारखी वळवता येणारी. तशी रिबीन मिळाली नाही, पण साधी तीन सेंटिमीटरची सुती नाडी ओली करून इस्त्रीखाली ओढली तर तेवढी वळते. तीच लावली.

"आत्या, ही पडेल का?" हा त्याचा पहिला प्रश्न. मान हलवून दाखवली, वाकून नमस्कार करायला लावला; पडली नाही. मागच्या बाजूला बोटभर फट राहते, तेथे नाडीच्या आत दुमडलेली खादीची घडी घातली. लागलीच तर काढता येईल अशी, शिवली नाही. वजन 238 ग्रॅम, म्हणजे आजोबांच्या पगडीपेक्षा 72 ग्रॅम हलकी.

30 नोव्हेंबर

लग्न पार पडले.

सीमांतपूजनाला पगडी तीन तास डोक्यावर होती. नंतर आतून हात फिरवला: नाडी घामाने ओली, सांगाडा ताठ, चोच जशीच्या तशी. रंग उतरला नाही.

एक चूक मात्र राहिली. मुंडावळ्यांचा विचारच केला नव्हता. पगडी घालून पाहिली तेव्हा कपाळ मोकळे होते. लग्नाच्या दिवशी पगडीखालून मुंडावळ्यांची दोरी बांधली आणि मोत्यांची एक ओळ कपाळ आणि कड यांच्यामध्ये दाबली गेली. विधी संपेपर्यंत भाच्याच्या कपाळावर अर्धचंद्राकार वळ उठला होता. दोरी वरून बांधली असती तर पिळावरून घसरली असती. आज दोन्ही कानांच्या वर, दुसऱ्या आणि तिसऱ्या वेढ्याच्या मधल्या खाचेत, लाल रेशमाचे दोन बारीक आकडे शिवले. मुंडावळ्या यापुढे त्यांना अडकतील.

पगडी आता टिश्यू कागदात, आतून सुती कापडाचा गोळा भरून, पुठ्ठ्याच्या गोल डब्यात ठेवली आहे. डांबराच्या गोळ्या घातल्या नाहीत, कडुनिंबाची वाळलेली पाने मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ठेवली. आजोबांची पगडी तिच्या पेटीत परत गेली. उसवलेले अस्तर मूळ टाक्यांच्या भोकांतूनच शिवले.

चपड्याचे पाऊण बाटली द्रावण उरले आहे. विरघळवलेली लाख सहा महिन्यांनंतर नीट कडक होत नाही, चिकटच राहते. बरणीवर चिठ्ठी लावली: 'केले 10 ऑगस्ट. फेब्रुवारीनंतर वापरू नये.'